अतिशीत अणुवायूंतील अतिप्रवाहिता : ग्रॉस-पितायेव्स्की समीकरण कुठवर पुरते?

क्षितिजरेषा (धागालेखक)

यूजीन ग्रॉस आणि लेव्ह पितायेव्स्की यांनी १९६१ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे शीर्षकातले समीकरण, म्हणजे सगळ्या अणूंना मिळून एकच तरंगफलन देणारे समीकरण, मांडले, तेव्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणाऱ्या, द्रव हेलियममधला भोवरा होता. हेलियमला ते नीट लागू पडत नाही, कारण द्रवात अणू एकमेकांना इतके खेटून असतात की एका अणूवर होणारा बाकीच्यांचा परिणाम सरासरीने मोजून भागत नाही. ते खरे उपयोगी पडले १९९५ नंतर, जेव्हा बोल्डरच्या जिला प्रयोगशाळेत एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी रुबिडियमचे, तर एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमचे बोस-आइनस्टाइन संघनित, म्हणजे जवळजवळ सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत गोळा झालेला अतिशीत वायू, तयार केले.

या वायूंना ते का लागू पडते, हे आकड्यांवरून लगेच दिसते. रुबिडियम-८७ ची प्रकीर्णन लांबी, म्हणजे अणूंमधल्या परस्परक्रियेचे माप, सुमारे ५.३ नॅनोमीटर आहे आणि सापळ्यातली घनता सर्वसाधारणपणे दर घन सेंटीमीटरला १० च्या १४ व्या घाताइतके अणू एवढी असते. घनता आणि प्रकीर्णन लांबीचा घन यांचा गुणाकार केला, तर तो जेमतेम दीड लाखांश येतो. बोगोल्युबोव्ह यांच्या १९४७ च्या सिद्धांतानुसार परस्परक्रियेमुळे संघनितातून बाहेर पडणारे अणू या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतात, आणि या घनतेला ते एक टक्क्याहूनही कमी भरतात. म्हणजे जवळजवळ सगळे अणू एकाच तरंगफलनाने वर्णन करता येतात. याच आकड्यांवरून वायूतला ध्वनिवेग सेकंदाला सुमारे दोन मिलिमीटर निघतो, आणि एखाद्या भिंतीपाशी शून्य झालेली घनता पूर्ववत व्हायला साधारण पाव मायक्रोमीटर अंतर लागते. हे दोन आकडे ज्याच्या हाताशी आहेत, त्याला या क्षेत्रातल्या बहुतेक प्रयोगांचा अंदाज कागदावर बांधता येतो.

आता माझा प्रश्न. हे समीकरण वायूला एकच तरंगफलन देते, त्या तरंगफलनाला एक कला (फेज) असते आणि वेग हा त्या कलेचा उतार असतो. त्यामुळे प्रवाह अघूर्णी, म्हणजे भोवऱ्याच्या गाभ्याबाहेर कुठेही स्वतःभोवती न फिरणारा, असणे आणि भोवऱ्याभोवतीचे परिसंचरण प्लांकचा स्थिरांक भागिले अणूचे वस्तुमान याच्या पूर्ण पटीतच असणे, या दोन्ही गोष्टी समीकरण लिहितानाच ठरून जातात. श्यानतेची, म्हणजे प्रवाहातल्या घर्षणाची, संज्ञा त्यात मुळात नाहीच. मग त्यातून घर्षणरहित प्रवाह मिळाला, तर तो सिद्धांताचा निष्कर्ष मानायचा की आपणच आत घातलेले गृहीतक? माझ्या मते यांतला काही भाग गृहीतकाचा आहे आणि काही खरोखर कमावलेला आहे, आणि ही सीमारेषा नेमकी कुठे पडते यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

सह्यपवन

प्रश्न योग्य आहे, परंतु सीमारेषा आखण्यापूर्वी संघनन आणि अतिप्रवाहिता या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. लोकप्रिय लेखनात त्या एकच मानल्या जातात आणि गणिती प्रतिकृतींविषयीचे पुष्कळ गैरसमज तिथूनच सुरू होतात.

द्रव हेलियम निरपेक्ष शून्याजवळ संपूर्ण अतिप्रवाही असतो, पण त्यातले संघनित अवस्थेतले अणू दहा टक्क्यांच्या आतच असतात. उलट, परस्परक्रिया नसलेला आदर्श बोस वायू पूर्ण संघनित होतो, तरी लांडाऊ यांच्या १९४१ च्या निकषाने (प्रवाह किती वेगापर्यंत घर्षणाशिवाय टिकतो हे तो सांगतो) तो कोणत्याही वेगाला प्रवाह टिकवू शकत नाही. तिसरे उदाहरण द्विमितीय वायूचे आहे. अखंड पसरलेल्या द्विमितीय वायूत शून्याहून वरच्या तापमानाला खरे संघनन होतच नाही, तरीही बेरेझिन्स्की, कोस्टर्लिट्झ आणि थाउलेस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवल्याप्रमाणे विरुद्ध दिशांच्या भोवऱ्यांच्या जोड्या जोवर बांधलेल्या राहतात, तोवर तो अतिप्रवाही असतो. पॅरिसमध्ये झोरान हाजिबाबिक, जां दालिबार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रुबिडियमच्या सपाट वायूत या संक्रमणाच्या खुणा पाहिल्या.

अतिप्रवाहिता हा वायूने दिलेल्या प्रतिसादाचा गुणधर्म आहे. भांडे अतिशय सावकाश फिरवले, तर किती वायू त्याच्याबरोबर फिरत नाही, किंवा कलेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकासा पीळ दिला, तर ऊर्जा किती वाढते, यावरून अतिप्रवाही अंश ठरतो. संघनित अंश मात्र दूरच्या दोन बिंदूंमधल्या सहसंबंधावरून ठरतो. जी प्रतिकृती फक्त दुसरी राशी काढते आणि पहिलीविषयी बोलते, तिच्याकडे मी संशयाने पाहतो.

आपल्या समीकरणातही हा फरक डोकावतो. एकसंध वायूला ते शून्य तापमानाला शंभर टक्के अतिप्रवाही अंश देते. तोच वायू प्रकाशाच्या आवर्ती जालात ठेवून घनतेत चढउतार निर्माण केले, तर जालाच्या दिशेने तो अंश एकाहून कमी होतो, मग सगळे अणू एकाच तरंगफलनात का असेनात. अँथनी लेगेट यांनी १९७० मध्ये या अंशाची वरची मर्यादा केवळ घनतेच्या वाटपावरून काढता येते हे दाखवले होते. अलीकडे, २०२३ मध्ये, पॅरिसच्या एका गटाने जालाच्या दिशेचा आणि तिला लंब दिशेचा ध्वनिवेग मोजून त्यांच्या गुणोत्तरावरून हा अंश काढला आणि तो लेगेट यांच्या सूत्राशी जुळला. याला मी कमावलेला निष्कर्ष म्हणेन, कारण समीकरण लिहिताना तो कोणी हाताने आत ठेवलेला नव्हता.

अपूर्णांक

क्रांतिक वेगाचे उदाहरण इथे यायला हवे, कारण सिद्धांत आणि प्रयोग यांचा मेळ कसा बसवावा लागतो याचा तो उत्तम नमुना आहे.

लांडाऊ यांचा निकष सांगतो की, वायूतल्या प्रत्येक उत्तेजनाची ऊर्जा भागिले संवेग यांचे सर्वांत लहान मूल्य म्हणजे क्रांतिक वेग. बोगोल्युबोव्ह वर्णपटाला, म्हणजे त्यांच्या सिद्धांतातल्या उत्तेजनांच्या ऊर्जेला, तो लावला, तर उत्तर थेट ध्वनिवेग येते. केटर्ले यांच्या गटाने १९९९ मध्ये सोडियमच्या संघनितातून अणूंना दूर ढकलणारा लेसर किरण मागेपुढे हलवून पाहिला. मोजलेला ध्वनिवेग सेकंदाला सुमारे ६.२ मिलिमीटर होता, आणि वायू तापायला लागला तो सेकंदाला साधारण १.६ मिलिमीटर वेगापासून, म्हणजे ध्वनिवेगाच्या सुमारे पाव पटीपासून. पुढच्या वर्षीच्या अधिक संवेदनशील मोजमापात तो आकडा ध्वनिवेगाच्या दशांशाच्या आसपास आला.

लांडाऊ चुकले, असा याचा अर्थ नाही. त्यांचा निकष अतिशय क्षीण अडथळ्यासाठी आहे. लेसरचा झोत मात्र सुमारे १३ मायक्रोमीटर रुंद होता आणि त्याच्या मध्यावर वायू उरतच नव्हता. अशा जाड अडथळ्याला वळसा घालताना प्रवाहाचा वेग अडथळ्याच्या कडेला वाढतो आणि तिथे स्थानिक मर्यादा आधी ओलांडली जाते. फ्रिश, पोमो आणि रिका यांनी १९९२ मध्येच, म्हणजे असे संघनित हाती येण्यापूर्वी, याच समीकरणाने गोल अडथळ्याभोवतीचा द्विमितीय प्रवाह सोडवून दाखवले होते की ध्वनिवेगाच्या साधारण ०.४ पटीला अडथळ्यामागे भोवऱ्यांच्या जोड्या सुटू लागतात. प्रयोगातला आकडा त्याहूनही खाली गेला, कारण सापळ्यातल्या वायूची घनता कडेकडे उतरत जाते आणि तिथला ध्वनिवेग मधल्यापेक्षा कमी असतो.

धागालेखकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, भोवऱ्याचे परिसंचरण किती असेल हे समीकरण लिहितानाच ठरते, पण भोवरा केव्हा जन्मेल हे ठरत नाही. ते सोडवूनच काढावे लागते.

मृद्गंध

मी पदव्युत्तर वर्गात आहे आणि फिरत्या सापळ्यातल्या भोवऱ्यांची गणना करू पाहत आहे. पुस्तकी ऊर्जेच्या हिशोबाने एक भोवरा असलेली अवस्था बऱ्याच कमी कोनीय वेगाला स्थिर व्हायला हवी, मात्र पॅरिसच्या २००० सालच्या प्रयोगात भोवरे दिसू लागले ते आडव्या सापळा-वारंवारतेच्या सुमारे ०.७ पटीला. माझ्या आज्ञावलीत तर सापळा फिरवला तरी वायू थरथरत राहतो आणि भोवऱ्यांची जाळी कधीच बसत नाही. यात दोष समीकरणाचा आहे, की मी त्याला विचारत असलेल्या प्रश्नाचा?

क्षितिजरेषा (धागालेखक)

मृद्गंध, आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत आणि दोन्हींची उत्तरे माहीत आहेत.

पहिला, ०.७ कुठून येते. ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याची अवस्था अस्तित्वात असणे वेगळे आणि तिथवर पोचायची वाट मोकळी असणे वेगळे. भोवरा बाहेरच्या विरळ कडेतून आत यावा लागतो आणि त्या वाटेवर ऊर्जेचा बांध असतो. तो बांध फुटतो तो पृष्ठभागावरच्या लाटेमुळे. संघनिताचा लांबट होऊन आडवा होणारा, चतुर्ध्रुवी दोलनप्रकार सापळा-वारंवारतेच्या दोनच्या वर्गमुळाइतक्या पटीने डोलतो. त्याची सममिती दुहेरी असल्यामुळे फिरणाऱ्या लंबगोल सापळ्याशी त्याचा अनुनाद निम्म्या वारंवारतेला होतो, म्हणजे एक भागिले वर्गमूळ दोन, अर्थात ०.७१ पटीला. पॅरिसमध्ये दिसलेला आकडा हाच. हे उत्तर याच समीकरणाच्या जलगतिकीय रूपातून येते, त्यात वेगळे काही मिसळावे लागत नाही.

दुसरा प्रश्न जाळी न बसण्याचा. आपण वापरत असलेले समीकरण ऊर्जा जपते. चतुर्ध्रुवी लाट अस्थिर होऊन जी जादा ऊर्जा वायूत शिरते, तिला बाहेर जायला जागा नसते, म्हणून भोवरे आत येतात पण गोंधळातच राहतात. त्सुबोता, कासामात्सु आणि उएदा यांनी २००२ मध्ये समीकरणाच्या कालसंज्ञेत छोटासा अवमंदनाचा, म्हणजे ऊर्जा हळूहळू काढून घेणारा, गुणांक घालून लंबगोल होणे, कडेला लहरी उठणे, भोवरे आत सरकणे आणि शेवटी त्रिकोणी जाळी बसणे, हा सारा क्रम मिळवला. अवमंदन नसलेल्या, पण भरपूर सूक्ष्म चढउतारांना वाव देणाऱ्या त्रिमितीय गणनांतही जाळीकडे वाटचाल दिसल्याचे अहवाल आहेत, परंतु सुरुवातीला गुणांक घालूनच पाहावे, असे मी सुचवेन.

ताम्रपट

या गुणांकाविषयी माझी हरकत आहे आणि ती मी आग्रहाने मांडतो. जाळी बसावी म्हणून निवडलेला आकडा घालून जाळी बसली, असे म्हणण्यात स्पष्टीकरण फारसे नाही. प्रत्यक्षात ऊर्जा जाते ती संघनिताबाहेरच्या उष्ण अणूंकडे, आणि ते अणू आपल्या समीकरणात मुळीच नाहीत. अतिप्रवाहितेचे दोन-द्रव चित्र टिसा आणि लांडाऊ यांच्यापासून चालत आलेले आहे. त्यातला सामान्य द्रव गाळून टाकायचा आणि त्याच्या जागी एक आकडा ठेवायचा, हे मला पटत नाही.

उष्ण अणूंना गृहीत धरण्यात केवढी काळजी लागते, हे जिलाच्या १९९७ च्या प्रयोगाने शिकवले. तिथे संघनिताच्या दोन दोलनप्रकारांची वारंवारता तापमान वाढवत नेऊन मोजली गेली. संक्रमण तापमानाच्या सुमारे ०.६ पटीपर्यंत त्या वेळचे सिद्धांत जुळत होते. त्यापुढे एका प्रकाराची वारंवारता खाली गेली आणि दुसऱ्याची एकदम वर चढली, आणि प्रचलित सिद्धांत ती चढण देईनात, कारण त्यांत उष्ण ढग जागच्या जागी गोठवलेला होता. प्रयोगात मात्र सापळा हलवताना तो ढगही हलत होता आणि संघनिताला सोबत ओढत होता. झारेम्बा, निकुनी आणि ग्रिफिन यांनी १९९९ मध्ये संघनितासाठी सुधारित ग्रॉस-पितायेव्स्की समीकरण आणि उष्ण अणूंसाठी बोल्ट्झमन समीकरण यांची जोडणी केली होती. तिच्या आधारे जॅक्सन आणि झारेम्बा यांनी २००२ मध्ये दोन्ही ढग एकत्र हलवले, तेव्हा कोडे सुटले.

गोठवलेल्या ढगाची चूक आधीच पकडता आली असती. परवलयी सापळ्यात संपूर्ण वायूचा वस्तुमानमध्य नेमक्या सापळा-वारंवारतेलाच डोलतो, मग अणूंमधली परस्परक्रिया कितीही असो. कोन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम गोठवलेल्या ढगाची प्रतिकृती मोडते. अंगभूत नियम मोडणारी प्रतिकृती आकडे जुळवून दाखवत असली, तरी तिच्यावर विसंबू नये.

अपूर्णांक

ताम्रपट यांच्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त एवढी भर घालतो की, तो गुणांक नेहमीच मनाने ठरवलेला असतो असे नाही. उष्ण ढगाचे तापमान आणि रासायनिक विभव दिले की प्रसंभाव्य ग्रॉस-पितायेव्स्की समीकरणाच्या मांडणीत तो गुणांक टकरींच्या हिशोबातून काढता येतो, आणि त्याच्या जोडीला तेवढ्याच मापाचा यादृच्छिक क्षोभही घालावा लागतो. अवमंदन ठेवून क्षोभ वगळला, तर वायू शून्य तापमानाकडे ढकलला जातो आणि ही बाब वाचकाला सांगितली गेली पाहिजे.

निळीरेघ

आतापर्यंतची चर्चा बोसॉनांवर, म्हणजे एकाच अवस्थेत कितीही संख्येने राहू शकणाऱ्या कणांवर, झाली. फर्मिऑनांकडे, म्हणजे एका अवस्थेत एकच मावणाऱ्या कणांकडे, वळले की सरासरी-क्षेत्राचा, म्हणजे बाकीच्या कणांचा परिणाम सरासरीने मोजण्याचा, आधार किती डळमळीत आहे हे कळते, आणि मला तो भाग या विषयातला सर्वांत समृद्ध वाटतो.

लिथियम-६ सारख्या अणूंचा वायू घेऊन फेशबाख अनुनादाच्या साहाय्याने चुंबकीय क्षेत्र बदलत नेले, तर परस्परक्रिया हवी तशी वळवता येते. एका टोकाला एकमेकांपासून दूर पसरलेल्या कूपर जोड्या असतात, दुसऱ्या टोकाला घट्ट रेणूंचे बोस संघनित असते आणि मधली वाट अखंड असते. ईगल्स यांनी १९६९ मध्ये आणि लेगेट यांनी १९८० मध्ये हे चित्र मांडले, तर नोझिएर आणि श्मिट-रिंक यांनी १९८५ मध्ये त्याला तापमानाची जोड दिली. एमआयटीत २००५ मध्ये या वाटेवर ठिकठिकाणी भोवऱ्यांची जाळी दिसली आणि अतिप्रवाहिता संपूर्ण वाटेवर टिकून आहे हे निर्विवाद झाले.

वाटेच्या मध्यावर प्रकीर्णन लांबी अनंत होते. तिथे धागालेखकांनी वापरलेला तो लहान गुणाकारच उरत नाही, त्यामुळे कशाच्या आधारे पदे गाळायची हा प्रश्न उभा राहतो. वायूची ऊर्जा तेवढ्याच घनतेच्या आदर्श फर्मी वायूच्या ऊर्जेच्या किती पट, हा एकच शुद्ध आकडा मग सगळ्या सिद्धांतांची कसोटी ठरतो. सरासरी-क्षेत्र तो ०.५९ देते. २००३ च्या सुमाराच्या क्वांटम मॉन्टे कार्लो गणनेने ०.४४ दिला. एमआयटीच्या २०१२ च्या मोजमापाने तो ०.३७६ ठरवला आणि संक्रमण तापमान (घनतेवरून ठरणाऱ्या) फर्मी तापमानाच्या ०.१६७ पट असल्याचे दाखवले. सरासरी-क्षेत्राचे चित्र गुणात्मकदृष्ट्या बरोबर असूनही संख्येत दीडपटीहून अधिक चुकते, ही गोष्ट कोणत्याही प्रतिकृतीकाराने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या आकड्याचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. न्यूट्रॉनांची परस्पर प्रकीर्णन लांबी ऋण सुमारे १८.५ फेम्टोमीटर, म्हणजे त्यांच्यातल्या बलाच्या पल्ल्याच्या मानाने बरीच मोठी आहे. म्हणून न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचातला विरळ न्यूट्रॉन द्रव या मध्यबिंदूच्या आसपास वागतो, आणि त्याच्या अवस्थेच्या समीकरणाची गणना अणुवायूच्या मोजमापाशी ताडून पाहता येते.

ताम्रपट यांच्या दोन-द्रव चित्रालाही इथेच सर्वांत सुंदर पुष्टी मिळाली. इन्सब्रुक इथल्या प्रयोगकर्त्यांनी २०१३ मध्ये ट्रेंटोच्या सिद्धांतकारांसह, ज्यांत खुद्द पितायेव्स्की होते, याच वायूत दुसरा ध्वनी, म्हणजे उष्णतेची लाट, पाहिला आणि तिच्या वेगावरून तापमानागणिक अतिप्रवाही अंश काढला.

सह्यपवन

निळीरेघ यांच्या मुद्द्याला बोसॉनांच्या बाजूनेही एक जोड आहे. डिस्प्रोशियमसारख्या तीव्र चुंबकीय अणूंच्या संघनितात श्टुटगार्टच्या गटाला २०१६ च्या सुमारास न कोसळणारे थेंब आढळले. ग्रॉस-पितायेव्स्की समीकरणानुसार ते थेंब कोसळायलाच हवे होते. ते टिकले, याचे कारण ली, हुआंग आणि यांग यांनी १९५७ मध्ये काढलेली चढउतारांची दुरुस्ती होय. एरवी नगण्य असलेली ही संज्ञा, दोन मोठ्या परस्परक्रिया एकमेकींना जवळपास रद्द करतात तेव्हा निर्णायक होते. पेट्रोव्ह यांनी २०१५ मध्ये दोन घटकांच्या मिश्रणासाठी हेच सुचवले होते. २०१९ मध्ये पिसा, श्टुटगार्ट आणि इन्सब्रुक इथे अशाच वायूंत थेंबांची रांग आणि त्यांच्यामधली सुसंगत कला एकत्र आढळली, आणि लेगेट यांचा १९७० चा अतिप्रवाही अंशाचा विचार, जो त्यांनी घनपदार्थासाठीच मांडला होता, तिथे नेमका उपयोगी आला.

मृद्गंध

सर्वांचे आभार. अवमंदनाचा गुणांक घातल्यावर जाळी बसली, पण दोन वेगवेगळ्या आरंभांपासून दोन वेगवेगळ्या जाळ्या मिळाल्या. निकाल विश्वासार्ह आहे हे कसे तपासावे? आणि आज्ञावली स्वतः लिहावी की तयार घ्यावी?

क्षितिजरेषा (धागालेखक)

तयार आज्ञावली घेण्यात काहीच गैर नाही. तिरुचिरापल्लीचे मुरुगानंदम आणि साओ पाउलोचे अधिकारी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फोर्ट्रान आज्ञावल्या जगभर वापरल्या जातात, त्यांतली विभाजित-पायरी क्रँक-निकल्सन पद्धत वाचून समजण्याजोगी आहे, आणि आपली आज्ञावली तिच्याशी ताडून पाहता येते.

तपासणीसाठी आधी ती उत्तरे काढावीत जी आपल्याला कागदावर ठाऊक आहेत. न फिरणाऱ्या सापळ्यात अणूंची संख्या वाढवत नेल्यावर घनतेचा आकार उलट्या परवलयाकडे जातो का, ते पाहावे. संघनित किंचित सरकवून सोडावे. ते नेमक्या सापळा-वारंवारतेने डोलले पाहिजे, आणि त्यात हजारांत एकाचाही फरक आला तर कालाची पायरी किंवा गणनेसाठी घेतलेल्या बिंदूंच्या जाळीतले अंतर मोठे आहे असे समजावे. मग चतुर्ध्रुवी दोलन दोनच्या वर्गमुळाच्या पटीला येते का ते पाहावे. भोवऱ्याचा गाभा पाव मायक्रोमीटरच्या आसपासचा असतो, म्हणून गणनेच्या जाळीतले दोन बिंदू त्याहून स्पष्टपणे जवळ हवेत. भोवऱ्यांच्या गणनेत सर्वाधिक फसगत इथेच होते, कारण गणनेची विरळ जाळी भोवऱ्याला जागच्या जागी अडकवून ठेवते आणि निकाल दिसायला मात्र स्थिर दिसतो.

दोन आरंभांपासून भोवऱ्यांच्या दोन जाळ्या मिळणे हे अपेक्षितच आहे. फिरत्या वायूच्या ऊर्जेला अनेक स्थानिक तळ असतात आणि त्यांच्यातला फरक अत्यल्प असतो. अनेक यादृच्छिक कलांपासून आरंभ करावा, प्रत्येक अंतिम अवस्थेची ऊर्जा फिरत्या चौकटीत मोजावी आणि सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था निवडताना बाकीच्यांची ऊर्जाही प्रबंधात नोंदवावी. त्यांच्यातला फरक वायूच्या तापमानाशी निगडित ऊर्जेहून लहान निघाला, तर प्रयोगातही त्यांपैकी कोणतीही जाळी दिसू शकते. त्या परिस्थितीत एका जाळीचे चित्र छापण्यापेक्षा भोवऱ्यांची सरासरी संख्या आणि तिचा पसारा देणे अधिक योग्य ठरेल.

ताम्रपट

त्याबरोबर अवमंदनाचा गुणांक निम्मा आणि दुप्पट करूनही पाहावे. अंतिम जाळी तीच राहून केवळ ती बसायला लागणारा वेळ बदलला, तर जाळीविषयीचे विधान निर्धास्तपणे करावे. वेळेविषयीचे विधान मात्र उष्ण ढगाचा हिशोब केल्याखेरीज करू नये.